हिरवं बटण दाबूनही

मित्रांनो, जुनी तर मी आहेच, माझ्या अंगावरचे ओरखडेच ते सांगतील. पण स्वतःची ओळख करून देताना माझी जरा पंचाईत होते. बोट म्हणावं, तर माझ्यात बसायला जागा नाही. स्कूटर म्हणावं, तर मला चाकं नाहीत. मी आहे जेट स्की, आणि त्यातही उभ्याने चालवायची. माझ्या पाठीवर उभं राहायचं, समोरचा लांब दांडा दोन्ही हातांनी धरायचा आणि पाण्यावरून सुसाट निघायचं. तोल गेला तर सरळ पाण्यात. मधलं काही नाही.

एका कारखान्यात साच्यावर फायबरचे थर चढवून माझं अंग घडवलं, पोटात इंजिन बसवलं आणि पाण्याच्या टाकीत सोडून मला पहिल्यांदा सुरू केलं. पोटाखालून पाणी ओढायचं, मागे जोरात फेकायचं, की आपण पुढे जातो, हे कळल्यावर मला इतका आनंद झाला की मी टाकीच्या भिंतीवरच जाऊन आदळले. पहिला ओरखडा तो.

पुढे तलावाकाठच्या एका हॉटेलात माझी नेमणूक झाली. काय थाट होता माझा. पाहुणे माझ्यासाठी रांग लावत, पडत, नाकातोंडात पाणी जाऊन खोकत आणि पुन्हा रांगेत उभे राहत. मग गादी असलेल्या, दोघातिघांना बसवून नेणाऱ्या जेट स्की आल्या. लोकांना बसायला जास्त आवडतं, त्याला मी काय करणार? मला शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली ढकललं. तिथे पालींखेरीज कोणी माझी चौकशी करत नसे.

त्या ताडपत्रीखालून मला भिंगरीने बाहेर काढलं. एका जागी थांबत नाही म्हणून घरात सगळे तिला भिंगरीच म्हणतात. तलावावर एक सर जेट स्की शिकवतात, पण स्वतःची असेल त्यालाच. काठावर बसून दुसऱ्यांचं बघून बघून भिंगरी कंटाळली होती. तिने शेडमध्ये माझं हिरवं बटण दाबलं आणि मी एका दमात सुरू झाले. तिच्यापेक्षा जास्त आश्चर्य मलाच वाटलं. हॉटेलवाल्यांनी अडगळ गेली म्हणत मला तिला देऊन टाकलं.

भिंगरीच्या आईचं शिवणाचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे छोटंसं अंगण. अंगणात मला बघून आई म्हणाली, "सोमवारी कापडाचे गठ्ठे येतील, ते इथेच ठेवायचेत. चालणारी असेल तर हिला भिंतीशी जागा करून देऊ. बंद पडलेली वस्तू मात्र मी ठेवून घेणार नाही."

"अगं, चालते ती. माझ्यासमोर सुरू झाली," भिंगरी म्हणाली.

मग आईचं लक्ष माझ्या दांड्याकडे गेलं. त्याचं रेक्झिन फाटलं होतं, आतला स्पंज भुसा झाला होता. "पोरीच्या हातांना फोड येतील," असं पुटपुटत आईने गळ्यातली टेप काढली आणि गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं माझं माप घेतलं. कपडा अंगासरशी बसला पाहिजे, एक सुरकुती दिसता कामा नये, अशी तिच्या दुकानाची ख्याती. तिने काळं रेक्झिन बेतलं, जिथे जिथे हाताला काही टोचत होतं तिथे कोटाच्या खांद्यात घालतात तसले पॅड ठेवले आणि ताणून ताणून बारीक टाक्यांनी दांड्यावरच शिवून टाकलं.

"आई, हिरवं बटण उघडं ठेव. त्यानेच सुरू होते ती," भिंगरीने बजावलं. आईने हिरव्यापुरती सुबक खिडकी ठेवली. इतकं छान कव्हर मला नवीकोरी असतानाही मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भिंगरीने हिरवं बटण दाबलं. मी घर्र घर्र केलं आणि गप्प. पुन्हा दाबलं. पुन्हा घर्र घर्र, पुन्हा गप्प. मला काही कळेना. उठायची इच्छा आहे, अंग हलतंय, पण जाग येत नाही, असं कधी झालंय का तुमचं?

मामाला बोलावलं. मामा पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतो. सगळी यंत्रं सारखीच, फक्त आवाज वेगळा, असं त्याचं मत.

"इंजिन फिरतंय, म्हणजे बॅटरी ठणठणीत. पेट्रोल शिळं झालं असणार."

"पेट्रोल कधी शिळं होतं का?" आईने विचारलं.

"होतं ताई. कालच्या चहासारखं."

जुनं पेट्रोल काढलं, नव्यात ऑईल मिसळून भरलं. घर्र घर्र. मग मामाने पेट्रोल पेटवायला ठिणगी टाकणारा प्लग खोलला, वायरीला जोडून इंजिनाच्या धातूला टेकवला आणि भिंगरीला बटण दाबायला लावलं.

"ठिणगी दिसतेय?"

"नाही."

"नीट बघ."

"कसं बघू? तुझं डोकं मधे येतंय."

मामाने डोकं बाजूला घेतलं, तरी ठिणगी नव्हती. नवा प्लग लावला, तरी नाही. मामाने हात पुसले. "ठिणगी देणारा डबाच गेलाय. एवढ्या जुन्याचा आता मिळत नाही. सरळ भंगारात द्या."

"परवा सुरू झाली होती, मामा."

"परवा माझा गुडघाही दुखत नव्हता."

मित्रांनो, मी फार गोंधळले. मला कुठेच दुखत नव्हतं. पण माझ्या तारा कुठून कुठे जातात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. तुम्हाला तरी तुमचं यकृत नेमकं कुठे आहे ते माहीत असतं का? मामा म्हणतोय म्हणजे गेलाच असेल डबा, असं मलाही वाटू लागलं.

रविवारी भंगारवाले काका टेम्पो घेऊन आले. अख्खी हवी म्हणाले, म्हणून मामाने प्लग पुन्हा बसवला. भिंगरी पायरीवर बसून होती. ती बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"थांबा," आई म्हणाली. "कव्हर काढून घेते. हाताने शिवलंय, ते भंगारात जायला नको."

"कव्हर ठेवतेस आणि तिला देतेस," भिंगरी म्हणाली.

छोट्या कात्रीने आई एकेक टाका उसवत गेली. रेक्झिन सैल पडलं, एक पॅड घरंगळून तिच्या हातात आला आणि माझ्या दांड्यात काहीतरी टक झालं. काय, ते मला समजलं नाही. भिंगरी उठून आली. निरोप घ्यावा तसा तिने उघड्या दांड्यावर हात ठेवला आणि हिरवं बटण दाबलं.

मी सुरू झाले. धूर, थरथराट आणि असा आवाज की मामा मागच्या बादलीतच बसला. "बंद कर, बंद कर," तो तिथूनच ओरडला. "पाण्याबाहेर तापेल ती."

भिंगरीने हिरव्याशेजारचं लाल बटण दाबलं. मी थांबले.

सगळे लाल बटणाकडे बघू लागले. मग आईच्या हातातल्या पॅडकडे. मामाने उठून तो पॅड लालवर ठेवला, वरून रेक्झिन ताणलं आणि म्हणाला, "दाब हिरवं." घर्र घर्र. पॅड काढला. लाल बटण टक करून वर आलं आणि मी पुन्हा धडधडले.

म्हणजे सगळे मला एका बोटाने ऊठ म्हणत होते, आणि तो मऊ पॅड सगळा वेळ थांब म्हणत होता. लाल दाबलेलं असलं की ठिणगी पडतच नाही. माझ्याच अंगातली गोष्ट, आणि मलाच शेवटी कळली.

"बाई, मी तुमच्याकडे शर्ट टाकणार होतो," भंगारवाले काका म्हणाले. "आता जरा सैल शिवा म्हणजे झालं." आणि मामाचे मोडके पंखे घेऊन ते निघून गेले.

आई पॅड हातात घेऊन पायरीवर बसली. "मला वाटलं, तुझ्या हाताला मऊ लागेल."

"लागतं ना मऊ," भिंगरी तिला चिकटून बसत म्हणाली. "परत शिव. फक्त लालला पण खिडकी ठेव."

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आम्हा वस्तूंना जीव जरूर लावा, आमच्या अंगावरून मायेने हात फिरवा. पण कापड बेतायच्या आधी आमचं कुठलं बटण कशासाठी आहे, तेवढं बघून घ्या. आम्हाला बोलता येत नाही, आणि कधीकधी आमचं आम्हालाही ठाऊक नसतं.

भिंगरी आता रोज सरांकडे शिकते. शिकते म्हणजे बहुतेक वेळ पडते. ती पडली की मी सावकाश गोल गोल फिरत तिची वाट बघते, आणि ती लाइफ जॅकेटमध्ये वरखाली होत पोहत माझ्याकडे येते. काठावरून सर ओरडतात, गुडघे वाकव. मामा ओरडतो, पेट्रोल बघ. आई मात्र एकच विचारते, "हाताला टोचत नाही ना गं?" एवढ्या गडबडीत तिला नेमकं हेच का विचारायचं असतं, ते मला अजून उमगलेलं नाही. भिंगरीच्या तोंडात तेव्हा पाणी असतं, म्हणून ती नुसती मान हलवते आणि माझा दांडा धरते.