ओब्दुलियाचं ‘बघू’

इरिया नावाची ती पोरगी पहिल्या दिवसापासून माझ्या मनात भरली नाही. शेजारच्या ओब्दुलियाला अर्धांगवायूचा झटका आला, बोलणं अडखळू लागलं, तेव्हा कागदपत्रं समजावून द्यायला एका संस्थेनं हिला पाठवलं. नवा कायदा म्हणे असा आहे, की माणसाचा निर्णय काढून घ्यायचा नाही, तो घ्यायला मदत करायची. बाहेरून येऊन तीस वर्षं स्पेनच्या या गालिसिया प्रांतात टपाल वाटलंय मी. फुकटच्या मदतीत पाणी मुरत असतंच.

त्यात तो भाचा, अमान्सिओ. आत्याला वृद्धाश्रमात धाडून त्याला तिचं घर विकायचं होतं, म्हणून तिच्या वतीनं सह्या करायचा हक्क त्यानं कोर्टाकडं मागितला होता. एकदा फाटकापाशी तो इरियाशी कुजबुजताना दिसला, वर चीजचा अख्खा गोळा तिच्या हातात ठेवला. झालं, म्हटलं, दोघं एकाच माळेचे मणी.

न्यायाधीश घरी आले त्या दिवशी मी मुद्दाम जाऊन बसलो. ते चीज टेबलावर कापून ठेवलेलं होतं. म्हणजे तिनं घरी नेलं नव्हतं तर. तरी माझी नजर तिच्यावरच.

“ओब्दुलियाबाई, वृद्धाश्रमात जायचंय का तुम्हाला?” न्यायाधीशांनी विचारलं.

अडखळत ओब्दुलिया म्हणाली, “बघू.”

“ऐकलंत ना?” अमान्सिओ म्हणाला. “आत्या नाही म्हणत नाहीये. तिला ठरवताच येत नाही, साहेब. सह्या मी करत जाईन.”

न्यायाधीश लिहू लागले. आता ही पोरगी मान डोलावणार, याची मला खात्री होती.

“साहेब, तुम्ही माद्रिदचे ना?” इरिया म्हणाली. “इकडं तोंडावर नाही म्हणत नाहीत, बघू म्हणतात. पण माझ्यावर नका विश्वास ठेवू. आजी, आजवर बघू कुणाला म्हणालात, सांगा बरं यांना.”

ओब्दुलियानं एकेक शब्द जुळवला. “मागणी... घालायला आलेल्यांना. सात जण होते. केलं का मी... कुणाशी लग्न?”

न्यायाधीशांनी लिहिलेलं खोडलं. “म्हणजे घर सोडायचं नाही?”

“कोण सोडतंय?”

मदत इरियाची, निर्णय बाईंचा, असं त्यांनी लिहून घेतलं. अमान्सिओ चीज न खाताच गेला.

मला आनंद झाला, खरंच झाला. पण मी मूळचा वायादोलिदचा, म्हणजे न्यायाधीशांसारखा माद्रिदकडचाच. एकोणतीस वर्षांपूर्वी याच टेबलाशी मी ओब्दुलियाला लग्नाचं विचारलं होतं आणि ती बघू म्हणाली होती. म्हणून तर बदली नाकारून मी शेजारचं घर घेतलं, आणि तेव्हापासून वाट बघत होतो.