एक होकार, एक नकार

नागभीडची हर्षा रुग्णवाहिकेवर नर्स म्हणून लागली, तेव्हा एटापल्लीकडच्या जंगलरस्त्यांची तिला धास्तीच वाटली होती. पुढं ते अंगवळणी पडले. गाडी चालवणारा पत्रू वयानं तिच्या दुप्पट. तो तिला बाई म्हणायचा आणि ती त्याला भाऊ.

त्या दुपारी गाडीत मुखरू होता. धानाच्या बांधीत निंदण करताना त्याला नाग चावला होता. आरोग्य केंद्रात विषावरचं औषध सुरू झालं, पण तिथले एकुलते डॉक्टर अडलेल्या बाळंतिणीपाशी अडकले. म्हणून हर्षाच त्याला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन निघाली. त्याची बायको शकुबाई पायाशी बसली होती.

अर्ध्या वाटेवर सागाचं झाड आडवं पडलेलं. पत्रू कुऱ्हाड घेऊन उतरला. इकडं मुखरूच्या पापण्या मिटत चालल्या, मान लुळी पडली, श्वास तोकडा झाला.

हर्षानं ऑक्सिजन वाढवला आणि तालुक्याच्या डॉक्टर अलोनेंना फोन लावला. नशीब, रेंज होती.

"पेटीत निओस्टिग्मिन आहे ना? आधी अ‍ॅट्रोपिन दे, मग ते. स्नायूंत जोर येईल."

"सर, गाडीत ही इंजेक्शनं द्यायची आम्हाला परवानगी नाही."

"तुझ्या मनानं देऊ नकोस. मी सांगतोय म्हणून दे, जबाबदारी माझी. वॉर्डात माझ्यासमोर दिली आहेस ना?"

दिली होती. तिनं मात्रा त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतली, बाटल्यांवरची नावं मोठ्यानं वाचली आणि एकामागून एक दोन्ही औषधं सावकाश शिरेत सोडली.

"आता घशात नळी टाक. श्वास थांबायची वाट बघू नकोस."

हर्षाचा हात पेटीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. घाबरली की तिच्या तोंडी घरची बोली यायची.

"नाई सर. नळी म्या कधीच टाकली नाई. चुकीच्या जागी गेली तर आहे तोही श्वास जाईन. मास्कच्या फुग्यानं श्वास देतो, ते मले येते."

डॉक्टर म्हणाले, "बरं. फुगाच दे. मी निघालो."

मुखरूच्या तोंडावर मास्क घट्ट धरून ती फुगा दाबत राहिली.

"बाई, वाचन ना माहा मानूस?"

"तुमी त्याची हनुवटी अशी वर धरून ठेवा, शकुबाई. सोडू नोका."

शकुबाईनं डोळे पुसले आणि हनुवटी धरली. बाहेर कुऱ्हाडीचे घाव पडत होते. दोन मोटारसायकलवालेही पत्रूच्या मदतीला आले होते. फुगा दाबून हर्षाची बोटं आखडली, तेव्हा मुखरूची छाती आपोआप वर आली. थोड्या वेळानं पापण्या हलल्या.

डॉक्टरांची गाडी झाडापलीकडं थांबली. ते खोडावरून चढून आले ते चिखलानं माखलेलेच. मुखरूला तपासून ते म्हणाले, "नळीची गरजच नाही आता."

"रागावले का सर?"

"रागावू कशाला? फोनवर मला तुझे हात दिसत नव्हते. तू सांगितलंस म्हणून कळलं." ते हसले. "सुट्टीच्या दिवशी वॉर्डात ये. नळी शिकवतो."

वाट मोकळी झाल्यावर मुखरूला दवाखान्यात पोचवून परतताना पत्रूनं टपरीवर गाडी थांबवली. हर्षानं दोन आलुबोंडे संपवून तिसरा मागितला.

"आज लय भूक लागली वाट्टे, बाई?"

"लागली ना, भाऊ," ती तोंडातला घास आवरत म्हणाली, "तुमीही घ्या."