अकरा रकाने

दुकानात शिरल्यापासून हे मागे मागे चालत होते. समोर भिंतीवर मोठा टीव्ही, त्याला जोडलेलं गेम खेळायचं मशीन, पडद्यावर एक हिरवी गाडी गोल गोल फिरतेय, आणि आमचे हे तिच्याकडे तोंड करून एकेक पाऊल मागे. शेवटी पाठ हेडफोनच्या रॅकवर आदळली आणि चार खोकी खाली आली. मी ती उचलली. यांनी खिशातून वही काढली आणि काहीतरी टिपलं.

"साडेअकरा," असं स्वतःशीच पुटपुटले. मला वाटलं, किती वाजले ते सांगतायत. तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते.

मी इस्पितळाच्या धोबीखान्यात मुकादम आहे. त्या दिवशी तेराशे चादरी माझ्या हाताखालून गेल्या होत्या आणि पोटऱ्यांचे दगड झाले होते. हे तिसरं दुकान. जुनी मशीनं विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एक चाळिशीच्या बाई ते चालवायच्या. त्यांनीही आधीच्या दोघांसारखंच सांगितलं, की काका, तुम्हाला नेमकं काय करायचंय त्यावर आहे सगळं. हे वाक्य मी दीड वर्षात इतक्यांदा ऐकलं होतं, की आता ते ऐकलं की माझ्या दाढा आपोआप आवळल्या जायच्या.

यांना काय करायचं होतं ते सांगते. हे दातांच्या प्रयोगशाळेत कारागीर होते. लोक दंतवैद्याकडे जातात, पण त्यांच्या तोंडात बसणारा खोटा दात करतो कोण? हे. मेणात घडवायचा, साच्यात ओतायचा, घासायचा आणि शेजारच्या खऱ्या दातांशी रंग जुळवायचा. पांढऱ्याच्या सोळा छटा असतात म्हणे. सोळा छटांतली एक निवडायला हे दोन दिवस घ्यायचे, म्हणून तिथे यांचं नाव पडलं होतं 'सावकाश'. तेवढ्या एकाच ठिकाणी या स्वभावाचं कौतुक झालं. बाकी सगळीकडे मी भोगलं. फ्रिज घ्यायला यांनी दोन उन्हाळे काढले. मुलीचं नाव ठरवायला अकरा महिने घेतले, तोवर आम्ही तिला छोटी म्हणायचो. आता ती एकोणतीस वर्षांची आहे, रस्त्यांची मोजणी करते, हाताखाली सहा माणसं आहेत आणि अजून छोटीच आहे. लग्नाचंसुद्धा मीच म्हटलं होतं, काय ते गुरुवारपर्यंत सांगा. हे शुक्रवारी आले.

मग प्रयोगशाळेत दात कोरणारं यंत्र आलं आणि यांना तीन वर्षं आधीच घरी बसवलं. पण त्या यंत्राच्या निमित्ताने संगणक शिकले होते, त्यातून प्रोग्रॅम लिहायचा नाद लागला, आणि यांनी एक गेम लिहायला घेतला. पडद्यावर एक तोंड येतं, त्यात एक दात नाही. सोळांतला योग्य रंगाचा दात निवडून, घासून, नीट बसवायचा. खुर्चीतला रुग्ण कंटाळून उठून जायच्या आत. स्वतः जन्मात घाई केली नाही आणि दुसऱ्यांना घाई.

हा गेम यांना संगणकावर नको होता. खऱ्या गेमच्या मशीनवर, बटणं दाबून खेळता यायला हवा होता. त्यात मेख अशी, की कंपन्या आपल्या मशीनवर फक्त आपण मान्य केलेले गेम चालू देतात. घरी लिहिलेलं चालवायचं तर मशीनला कुठेतरी फट सापडावी लागते, आणि जगभरचे हौशी लोक त्या फटी शोधत असतात. नवं मशीन घ्यावं, तर कंपनीने फटी बुजवलेल्या. जुनं घ्यावं, तर फटीच फटी, पण बॅटरी फुगलेली. मधलं घ्यावं, तर ते उघडून आत सोल्डरिंग करायचं. शिवाय प्रत्येक मशीनची भाषा थोडी वेगळी, त्यामुळे आधी मशीन ठरल्याशिवाय गेम पुरा करता येत नाही. हे सगळं मला का माहीत? कारण दीड वर्ष जेवताना दुसरा विषय नव्हता. मी भाजीत मीठ कमी झालं का विचारायची, हे सांगायचे की पांढऱ्या मशीनला मेमरी कमी आहे.

वहीत तक्ता होता. उभे अकरा रकाने, आडवी नऊ मशीनं. आठवड्याला त्यात काहीतरी खोडलं जायचं आणि बारीक अक्षरात नवीन लिहिलं जायचं. मी एकदा म्हटलं, अहो, चांगलं मोठ्या पडद्याचं घ्या, या वयात डोळ्यांना बरं. हे म्हणाले, बघू. छोटीला फोन केला की ती म्हणायची, आई, तूच एक उचलून आण ना, विषय संपव.

त्यात हे वेंधळे व्हायला लागले होते. दाराच्या चौकटीला खांदा घासायचे. मी बाजूने चहाचा कप पुढे केला तर तसाच धरून ठेवायला लागायचा, यांचं लक्षच नाही. टेबलाच्या कडेवर ठेवलेले दोन पेले फुटले. संगणकावर बसले की एवढ्या मोठ्या पडद्याच्या मधोमध पत्त्याच्या पानाएवढी चौकट करून त्यात काम करायचे. मी कपाळाला हात लावायची. डोक्यात मशीनं शिरली आहेत, दुसरं काही नाही, असं मला वाटायचं, आणि तसं मी बोलूनही दाखवायची.

रॅक पाडला त्यानंतरच्या आठवड्यात माझी अर्ध्या दिवसाची सुट्टी होती. हे आंघोळीला गेले होते. वही टेबलावर होती. मी ती पिशवीत घातली आणि सरळ त्या दुरुस्तीवाल्या बाईंकडे गेले. वही त्यांच्यापुढे टाकली आणि म्हटलं, यात सगळं लिहिलेलं आहे, यातून जे चांगलं असेल ते एक द्या. आज मी रिकाम्या हाताने जाणार नाही.

बाईंनी चष्मा वर केला आणि तक्ता वाचायला लागल्या. मधेच हसल्या, म्हणाल्या, काकांनी अभ्यास जबरदस्त केलाय, आमच्या धंद्यातल्या लोकांनाही इतकं माहीत नसतं. वेग, मेमरी, फट कितपत पक्की, सुटे भाग मिळतात का. सगळं बरोबर होतं. मग शेवटच्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं.

"काकू, हे काय आहे? 'पूर्ण दिसतं, किती लांबून.' असा काही हिशेब मी कधी बघितला नाही."

मी वाकून बघितलं. टीव्हीला जोडायच्या मशीनसमोर लिहिलं होतं, सात फूट. ते खोडून, खाली तारीख घालून, नऊ फूट. तेही खोडून साडेअकरा. त्यावर रॅक पाडला त्या दिवसाची तारीख होती. आणि पुढे कंसात, तितक्याच बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'आपली खोली पुरत नाही.'

मोठ्या मशीनांवर एकामागून एक काट होती. सगळ्यात खाली घडीचं छोटं मशीन होतं, हातात धरायचं, पडदा आगपेटीहून थोडा मोठा. त्यासमोर लिहिलं होतं, 'एक वीत. अजून.'

बाईंनी पान उलटलं तर मागून चार कागद निसटले. इस्पितळात राहून मी एवढं ओळखते. डोळ्यांच्या तपासणीचे होते ते, आमच्या इस्पितळाचे नव्हते. प्रत्येकावर दोन गोल, उजवा डोळा, डावा डोळा. पहिल्या कागदावर गोलाच्या कडेला काळसर डाग. सहा महिन्यांनंतरच्या कागदावर कडा पूर्ण काळी. तिसऱ्यावर काळं आत सरकलेलं. चौथ्यावर मधे रुपयाएवढं पांढरं राहिलं होतं.

काळं म्हणजे काय हे कळायला शिकावं लागत नाही.

बाई उठल्या. आत जाऊन त्यांनी एक स्टूल आणलं आणि माझ्या मागे सरकवलं. मी बसले. इतका राग आला होता मला, की रडूसुद्धा येईना. दीड वर्ष. माझ्या इस्पितळात गेलं तर मला कळेल म्हणून गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तपासून घेतलं. आणि मी या माणसाला पेल्यांवरून बोलत होते.

थोड्या वेळाने बाईंनी ते घडीचं छोटं मशीन काढलं, नवीन बॅटरी घातली, कार्ड घालून चालवून दाखवलं. वेगात ते नवांतलं सगळ्यात मागचं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, की काकांसाठी हेच बरोबर आहे, आणि लवकर द्या.

घरी आले तेव्हा हे वही शोधत होते. टेबलाखाली, उशीखाली, माझ्या साड्यांच्या कपाटात. मी वही टेबलावर ठेवली, कागद त्यावर ठेवले, मशीन त्यावर ठेवलं. यांनी आधी मशीन हातात घेतलं. कागद नंतर दिसले.

"सांगणार होतो," हे म्हणाले.

"कधी?"

"मशीन ठरलं की. म्हटलं, दोन्ही एकदम सांगू."

मी पुष्कळ बोलले त्यानंतर. काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. फ्रिजपासून सुरुवात केली एवढं सांगते. हे खाली मान घालून ऐकत होते, आणि हात त्या मशीनची घडी उघडत-मिटत होता. मी दमले तेव्हा यांनी शांतपणे सांगितलं, की औषध चालू आहे, थेंब रोज घालतो, दाढीच्या डब्यात बाटली आहे. गेलं ते परत येत नाही. राहिलंय ते किती दिवस राहील, डॉक्टरही सांगत नाहीत.

"एक मशीन ठरवायचो," हे म्हणाले, "आणि सहा महिन्यांत ते मोठं व्हायचं. कामाला लागायला भीती वाटायची गं. अर्ध्यात आलो आणि हेही मोठं झालं तर?"

मी समोरच्या खुर्चीवर बसले. मधे टेबल होतं. मी विचारलं, "आत्ता किती दिसतंय?"

यांनी माझ्याकडे बघितलं. घाई न करता, दाताचा रंग ठरवताना बघायचे तसं.

"डोळे दिसतात. नाक, तोंड. कान नाही दिसत."

"आणि आख्खी कधी दिसते?"

यांनी मनातल्या मनात अंतर मोजलं असावं. आमचं घर सरळ रेषेत आहे, स्वयंपाकघर, पुढची खोली, दार, आणि दाराबाहेर जिना.

"दार उघडं ठेवून जिन्याच्या कठड्यापाशी उभी राहिलीस तर," हे म्हणाले. "डोक्यापासून पायापर्यंत. तिथून चांगली दिसतेस."

तेवढं बोलून यांनी मशीनची घडी उघडली आणि डोळ्यांपासून एका वितीवर धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला बसले. यांना इतक्या भराभर काम करताना मी पहिल्यांदाच बघितलं. छोटी चार दिवस येऊन राहिली, बापाशी भांडली, मग त्याच्या शेजारी बसून तिने अक्षरांचे आकार मोठे करून दिले. डॉक्टरांकडे आता मी बरोबर जाते. यांना दर वेळी वाटतं, रिक्षा करावी की चालत जावं याचा विचार करू. मी तो अगोदरच करून ठेवते. तीन महिन्यांत गेम पुरा झाला. फटी शोधणाऱ्या त्या हौशी मंडळींत यांनी तो फुकट वाटला. कुणाकुणाची पत्रं आली. एकाने लिहिलं, रंग इतके जवळजवळचे आहेत की डोकं फिरतं. दुसऱ्याची तक्रार होती, रुग्ण फार लवकर उठून जातो, त्याला जरा बसवा. यांनी ती मान्य केली नाही. मी खेळून बघितला. माझे सगळे रुग्ण उठून गेले.

पाचवी तपासणी झाली. तो कागद मी वहीत ठेवू दिला नाही, माझ्याजवळ आहे.

हल्ली मी कामावरून आले की जिन्यावरच थांबते. यायच्या वेळेला हे दार उघडून ठेवतात आणि आत टेबलाशी जाऊन बसतात. मी कठड्यापाशी उभी राहते. वरच्या मजल्यावरच्या बाई परवा उतरताना म्हणाल्या, किल्ली विसरलात का? मी नाही म्हटलं. त्या दोन पायऱ्या खाली जाऊन पुन्हा वळून बघायला लागल्या. आता बिल्डिंगभर काय सांगत बसू? दिवसभर उभं राहून पाय सुजलेले, हातात भाजीची पिशवी, जिन्यावरचा दिवा डोक्यावर, आणि तिकडे आमचे हे बघतायत, वरपासून खालपर्यंत. त्यातही लवकर उरकतील म्हणून नाही.