मागच्या खोलीची कडी

तीसेक वर्षं मी बायकांचे केस कापतेय आणि तितकीच वर्षं बोलतेय. हात थांबला तर गिऱ्हाईक वाट बघतं, पण तोंड थांबलं की त्याला शंका येते. कुणाची सून उलटून बोलते, कुणाचे गुडघे धरलेत, कुणाच्या दिराने घराचा ताबा घेतलाय, सगळं ऐकायचं आणि मधे मधे "हो ना" म्हणायचं. नवरा सांगतो, मी झोपेतसुद्धा विचारते, "मागून किती ठेवू?"

दुकान दोघींचं, माझं आणि माझ्या नणंदेचं. मी केस बघते. वन्सं चेहरे बघतात, म्हणजे फेशियल, भुवया आणि काय काय. हिशेबही त्याच बघतात, कारण मला बेरीज येत नाही असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. बाई कडक आहे, पण कामाला वाघ. त्यांच्याशिवाय दुकान चालणार नाही हे मला माहीत आहे, आणि मला ते माहीत आहे हे त्यांना माहीत आहे. तिथेच सगळी पंचाईत होते.

दुपारी दोननंतर दुकान ओस पडतं. गेल्या वर्षी अशाच एका दुपारी शेवटची बाई खुर्चीत होती. "अजून थोडे, अजून थोडे" करत तिने मला चौथ्यांदा कात्री उचलायला लावली आणि माझं टाळकं सटकलं. मी म्हटलं, "आता उरलेत ते घरी जाऊन स्वतः कापा." बाई तरातरा निघून गेली. वन्संनी माझ्याकडे असं पाहिलं की मी सरळ मागच्या खोलीत शिरले आणि दाराला कडी घातली.

खोली कसली, टॉवेलांचं कपाट, शॅम्पूचे कॅन, एक स्टूल आणि वर हातभर खिडकी. कडी सैल होती, धक्का लागला की निसटायची, म्हणून दाराखाली टॉवेलाची घडी कोंबली. कपाटात कुणी गिऱ्हाईक विसरून गेलेली कादंबरी पडली होती. शाळा सुटल्यापासून मी पुस्तक हातात धरलं नव्हतं. काही पानं वाचली आणि लक्षात आलं, यातली माणसं पोटभर बोलतायत आणि माझ्याकडून एक "हो ना" मागत नाहीत. मला रडूच आलं. दुःखाचं नव्हे. दिवसभर चावलेला बूट पायातून काढल्यावर जसं बरं वाटतं, तसलं ते रडू होतं.

तेव्हापासून दोन ते साडेतीन मी आत. कादंबरी संपली तशी मी जुन्या जाहिरातींच्या पाठकोऱ्या कागदांवर चेहरे काढायला लागले, वन्संच्याच भुवयांच्या पेन्सिलींनी. पेन्सिली कुठे जातात म्हणून त्यांनी महिनाभर दुकान डोक्यावर घेतलं होतं. मग मी स्वतःच्या आणल्या. चित्र कसं होतंय याची मला फिकीर नव्हती. कागदावर गालाची रेघ ओढताना डोक्यातली सगळी बडबड हळूहळू खाली बसायची, आणि साडेतीनला बाहेर येऊन मी पुन्हा माणसासारखी बोलायचे. गिऱ्हाइकांवर भडकणंही थांबलं. हे मी वन्संना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग रोज झोपच काढा की, तीही शांत करते."

गिऱ्हाइकांना मात्र त्या सांगायच्या, "वहिनीचं डोकं दुखतंय." आमच्याकडे एक बाई येते, तिला आम्ही चौकशीखिडकी म्हणतो. तिने माझं दुखणं साऱ्या गल्लीत पोचवलं. लोक मला औषधं सुचवायला लागले.

आणि मग एके दिवशी वन्सं म्हणाल्या, "मागे फेशियलचा पलंग बसवू. सोमवारी सुतार माप घ्यायला येतोय."

"खोली मी देणार नाही," मी म्हटलं.

"वहिनी, दार लावून बसण्यासाठी कुणी दुकान काढत नाही."

नवऱ्याचं म्हणाल तर तो सदा दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभा. त्याने तोडगा काढला, "आत काय करतेस ते हिला दाखव तरी." नाइलाजाने मी कागद काउंटरवर मांडले. नवऱ्याने आपल्या चेहऱ्याचा कागद उचलला आणि बघता बघता हसायला लागला. "अगं, माझ्या भुवईवरचा वण या बाजूला आहे. आणि भांग उलटा." वन्संनी बाकीचे चाळले. "सगळ्यांचंच उलटं आहे. तीस वर्षं यांच्या डोक्यावरून हात फिरवलात, वहिनी, आणि भांग कुठे पाडतात ते ठाऊक नाही?" मग त्याही हसल्या. मला इतकं लागलं की मी रात्री जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी चौकशीखिडकीचे केस विंचरताना मी सहज वर बघितलं आणि मला उमगलं. मी माणसांना समोरून बघतच नाही. पाठीमागे उभी राहते आणि चेहरा आरशात बघते. नवऱ्याचे केससुद्धा याच खुर्चीत कापते. मला ठाऊक असलेले सगळे चेहरे आरशातले होते.

सुधारता आलं असतं. कागद फिरवून, वण इकडचा तिकडे करून. नाही सुधारलं. उलटे तर उलटे, मी त्यांना असंच ओळखते, आणि ती खोली मला काही परीक्षेत पास होण्यासाठी नको होती. त्या दुपारी मी कडी घातली, घडी कोंबली आणि वन्संचाच चेहरा काढायला घेतला. दर पंधरवड्याला त्यांच्या केसांना रंग मीच लावते, तेव्हा त्या डोळे मिटायच्या आधी क्षणभर आरशात स्वतःकडे बघतात. तेवढाच क्षण मला काढायचा होता.

सोमवारी दुपारी दारावर थाप पडली. "वहिनी, सुतार आलाय. उघडा."

"पलंग बसणार नाही, हे त्याला बाहेरच सांगा."

दार ढकललं, कडी निसटली, घडी सरकली. वन्सं आत, मागे टेप घेऊन सुतार. मी स्टुलावरून उठले नाही. कागद कपाटाला टेकवलेला होता, लपवायलाही सवड मिळाली नाही. म्हटलं, हसा आता.

वन्सं हसल्या नाहीत. फोटो काढायचा म्हटलं की ही बाई पळते. लग्नाच्या फोटोतसुद्धा कुणाच्या तरी पाठीमागे आहे. म्हणते, फोटोत मी कुणी भलतीच दिसते. ती आता कागदापुढे वाकली आणि हलेचना.

सुतार म्हणाला, "छान आहे, पण ताईंचा तीळ त्या गालावर आहे ना?"

"तुम्हाला काय कळतंय," वन्सं म्हणाल्या, पण आवाज अगदी खाली. "ही मीच आहे. मी मला रोज अशीच दिसते." मग त्यांनी विचारलं, "वहिनी, मी इतकी दमलेय?"

मी नुसतं "हो" म्हटलं, पुढचं "ना" नाही लावलं.

सुतार ताटकळला होता. "माप घेऊ का?"

"माप नको," वन्संनी सांगितलं. "ही कडी तेवढी घट्ट करून द्या."

त्याने जुने स्क्रू काढून नवे, लांब स्क्रू बसवले आणि तो गेला. वन्सं म्हणाल्या, "नीट लागते का बघते. वहिनी, तुम्ही जरा बाहेर व्हा."

मी बाहेर आले. आतून कडी लागली, खटकन, पहिल्यांदाच नीट. मी वाट बघत उभी राहिले. कडी काही उघडेना. स्टूल सरकल्याचा आवाज आला, मग तोही नाही. माझं स्टूल, माझी पेन्सिल आणि माझी वेळ, पण मला राग कसा तो आला नाही.

तेवढ्यात चौकशीखिडकी आत डोकावली. "भुवया करायच्या होत्या. ताई कुठेत? त्यांचंही डोकं दुखतंय का?"

"डोकं ठणठणीत आहे," मी म्हटलं. "त्या आत एकट्या बसल्यात. साडेतीनला या."

"अहो, पण दोन मिनिटांचं तर काम आहे."

मी खुर्ची उचलली, मागच्या खोलीच्या दाराला लावली आणि तिच्यात बसले. "साडेतीनला," मी म्हटलं.