वाफशाचे दोन दिवस

जिल्ह्याचं पाणी, डांबर आणि साहेब, तिन्ही रतनबाईच्या गावाच्या एक गाव अलीकडेपर्यंत येऊन माघारी फिरत. तिच्या बांधाला लागून ओढा आणि ओढ्यापल्याड बीड जिल्हा. अशा शिवेवरच्या रानात पिकणार ती ज्वारी, तीही हस्ताचा पाऊस झाला तर. म्हणून दोन वर्षांपूर्वी मुलाने, मच्छिंद्रने, शेतावर पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या आणि रस्त्याला पाटी लावली: चुलीवरचं जेवण, बैलगाडीची सफर, हिवाळ्यात हुरडा. पुण्याचे लोक येऊ लागले. रतनबाई दुसरीतून शाळा सुटलेली, पण बोलायला तिला कुणाची जीभ उसनी लागत नसे.

यंदा हस्त बरसला तो बुधवारी. शनिवारी सकाळी मच्छिंद्रने ढेकूळ मुठीत दाबून सोडलं. ते अलगद फुटलं. वाफसा आला होता. हलकं रान ते, पेरणीजोगा ओलावा फार तर दोन दिवस टिकणार, आणि दावणीला बैलजोडी एकच.

"आये, तिफण जुपतो," तो म्हणाला.

"आन् पाव्हनं? धा जनं निघालीत पुन्यातून. गाडीत बशिवते म्हनून शबूद दिलाय मी."

"मग ट्रॅक्टर सांगू?"

"कुनाचा? वाफसा काय तुझ्या एकट्याच्या रानात आलाय व्हय? सोमवारी पेर. जिमीन काय पळून जातीय?"

चाळीस पेरण्या पाहिलेली बाई. तिला कळत नव्हतं असं नाही. पण मागच्या खेपेला एका पाहुणीने तिच्यासोबत फोटो काढून 'आमची आजी' म्हणून मोबाईलवर सगळ्यांना दाखवला होता, आणि ते कौतुक तिच्या कानात अत्तराच्या बोळ्यासारखं जाऊन बसलं होतं.

दोन दिवस गाडी रानातून फिरली. ओढ्यापल्याडच्या रानात शेजारचा कानिफनाथ पेरत होता. तिफण थांबवून त्याने हाक दिली, "रतनआक्का, वाफसा चाललाय! बैलं जत्रंला का लावली?"

"तू तुझी माती कुरवाळ," ती इकडून ओरडली. "तुझ्या दारात कुत्रं येत न्हाई म्हनून पोटात दुखतंय व्हय?"

पाहुणे खदाखदा हसले. तिला बरं वाटलं.

सोमवारी तिफणीचे फण सुकलेल्या मातीवर नुसते खरवडत गेले. निम्मं उगवलंच नाही, उगवलं ते गुडघ्याएवढं होऊन पिवळं पडलं. मच्छिंद्र जेवायला आईसमोर बसेनासा झाला.

जानेवारीत पुण्याहून फोन आला: हुरड्याला येतोय. रतनबाई टोपली घेऊन ओढ्यात उतरली. कानिफनाथ एक बोलला तर दोन ऐकवायची, म्हणून उत्तरं जुळवूनच निघाली होती. कोवळी कणसं मोडून त्याने टोपली भरली आणि वर म्हणाला, "लागली तर आनिक ने, आक्का. पाखरं तरी कुठं इचारून खात्यात?"

त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर टोपली एवढी जड झाली नसती.

दुसऱ्या दिवशी आगटीभोवती पाहुणे बसले. भाजलेलं कणीस चोळून रतनबाईने गरम हिरवे दाणे एका पाहुणीच्या तळहातावर ठेवले.

"आजी, काय गोड आहे हुरडा! तुमच्याच शेतातला ना?"

व्हय म्हणायला तिची जीभ वळलीच होती. मच्छिंद्र गोवऱ्या सारत होता, त्याचा हात थांबला.

"न्हाई बाई. वढ्याच्या पल्याडचा हाय."

"मग तुमच्या शेतात काय पेरलंय?"

रतनबाईने रानाकडे बोट केलं. पिवळ्या धाटांमधून गाडीची चाकोरी गेली होती. ओल्या मातीत दबलेली, मग वाळून दगड झालेली, तिफणीलाही न फुटलेली.

"ती दिसती का? औंदा आमी ती पेरली."

पाहुणे हसले. "आजी भारी आहेत," कुणीतरी म्हणालं. रतनबाईने पुढचं कणीस आगटीत खुपसलं आणि ती रानाकडेच बघत राहिली. कणीस करपायला लागलं, तेव्हा ते मच्छिंद्रनेच बाहेर ओढलं.