एका हातानं दाबलेली एक्केचाळीस बटनं

हिमांशूला यातून दोन लाख रुपये मिळायचे होते. अजून ते रुपये नव्हते. 'ओंजळ' नावाच्या क्रिप्टोची पंचवीस हजार नाणी होती. बाजारात आल्यावर नाण्याला आठ रुपये भाव येणार, असं ओंजळच्या मराठी ग्रुपवर सगळे छातीठोक सांगत होते. गुणाकार हिमांशूनं रोज केला. उत्तर रोज तेवढंच आलं, तरी तो रोज खूश व्हायचा.

ओंजळवाले माणशी चारशे नाणी फुकट वाटणार होते. फुकट म्हटलं की एकेक जण दहा-दहा खाती काढून बसतो. मराठी ग्रुपमधली तसली खाती हुडकून उडवायची, हे हिमांशूचं काम. ज्यांच्यावर संशय आहे पण जे खरे वाटतात, त्यांची हमी त्यानं स्वतः द्यायची. हमी दिलेल्यांत एक जरी खोटा निघाला, तर त्याची पंचवीस हजार नाणी जप्त.

"नोकरी सोडून चौकीदारी धरलीस," वडील वैजनाथराव रोज चहाबरोबर म्हणत. सरकारी कचेरीत हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेला माणूस. "पगार कधी होतो या चौकीदाराचा?"

वाटप मंगळवारी बाराला उघडलं; ज्यानं त्यानं आपल्या फोनवर बटन दाबून नाणी घ्यायची. दोनला हिमांशूच्या मोबाइलवर लाल यादी आली. बजाजनगर, एकच वायफाय, एक्केचाळीस खाती, बारा ते पाऊण, मिनिटाला एक. खाली वरच्या लोकांचा निरोप होता: सातच्या आत सगळ्यांची मिळून हमी द्या, नाहीतर सगळी उडवा; काही ठेवली, काही उडवली चालणार नाही. या वरच्या लोकांचं तोंड त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

नावं मात्र ओळखीची निघाली. कचरू, साहेबराव... सगळे साळूबाईच्या मेसचे मेंबर. वाळूजला ट्रेनी असताना हिमांशू आठ महिने तिथंच जेवला होता, आणि ही खातीही त्यानंच हौसेनं काढून दिली होती.

तो गाडी काढून थेट मेसवर गेला. साळूबाई संध्याकाळची कणीक मळत होती. मागं फळीवर एका मोठ्या पातेल्यात मोबाइल उभे करून ठेवलेले. कंपनीत फोन आत नेऊ देत नाहीत, म्हणून मेंबर शिफ्टला जाताना तिच्याकडं ठेवून जात, पासवर्डासकट.

"मावशी, बटनं कुणी दाबली?"

"मीच की. बाराला उघडतंय म्हणलावतास ना तू? हे समदे मशीनवर. मंग कुणी दाबायची?"

"एकामागून एक?"

"मला काय चार हात हाईत व्हय? तेवढ्यात भाजी करपली, ते कुणी इचारंना."

हिमांशूनं फोन मोजले. "मेंबर तर चाळीस. हा एक्केचाळिसावा कुणाचा?"

"रामकिसनचा. शेंद्र्याला काम लागलं त्याला, जुना फोन हितंच राहिला. म्हणलं त्याच्या बी हक्काचं हाय, कशाला बुडवा."

"त्याला विचारलं का?"

"त्यात काय इचारायचं? देयाचंच हाय, घेयाचं थोडंच हाय!"

साडेतीनला शिफ्ट सुटली. हिमांशूनं चाळीस जणांचे चेहरे ज्याच्या त्याच्या फोनवर ताडून पाहिले. चाळीसच्या चाळीस खरे. राहिला रामकिसन.

"जा की मंग. कंपनीचं नाव देते," साळूबाई म्हणाली. "जेवून जातो का?"

जेवला नाही. शेंद्रा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पण वेळ भरपूर होता. मुकुंदवाडीपाशी त्यानं चहाला गाडी थांबवली आणि तिथंच तो फसला, कारण चहाबरोबर त्यानं हिशेब मांडला. हमी दिल्यावर वरच्यांनी विचारलं आणि रामकिसन म्हणाला, "मी तर काय दाबलंच नाय," की दोन लाख गेले. तो सांभाळून बोलला, तर फायदा मेसवाल्यांचा, हिमांशूला वरती छदाम नाही. म्हणजे हमी देण्यात नुसती जोखीम.

सहाला दहा कमी असताना त्यानं 'उडवा' दाबलं. एक्केचाळीस खाती एका दमात गेली. साळूबाईला पाऊण तास लागला होता.

शहागंजात जुने मोबाइल विकणारा, त्याच ग्रुपवरचा राजकुमार त्याच आठवड्यात नऊशे खाती घेऊन तपासणीतून पार झाला. प्रत्येकाचं सिम वेगळं, वेळ वेगळी, सगळं हिरवं. खोट्याला सवड असते. शुक्रवारी बाजार उघडला आणि राजकुमारनं पहिल्या तासात सगळी नाणी विकली. संध्याकाळी ओंजळचा भाव चार पैसे. शनिवारी तो हिमांशूला पेढे द्यायला आला.

"भाई, काम एकदम पक्कं हां तुमचं. डुप्लिकेट एक नाही सोडला!"

रविवारी मेसमध्ये पंचाईत बसली, हिमांशूलाही बोलावलं. भाव पडलेला सगळ्यांना दिसत होता, तरी प्रत्येकाच्या डोक्यात आठचाच आकडा होता.

"मावशी, माणशी बत्तीसशे बुडाले आमचे," कचरू म्हणाला. "कुणी म्हणतंय, तुम्हीच खाल्ले."

"मी?"

"हिमांशूभाऊ, तुम्हीच सांगा बरं. कशानं गेले?"

सगळ्यांनी ताटावरून माना वर केल्या. हिमांशू म्हणाला, "सगळी बटनं एकाच हातानं दाबली ना, म्हणून यंत्राला संशय आला."

यात खोटं काही नव्हतं. मुकुंदवाडीचा चहा तेवढा त्यानं सांगितला नाही.

साळूबाईनं पिठानं भरलेला उजवा हात उलटा करून पाहिला. "म्हंजी माझ्याच हातानं की," ती म्हणाली. "महिन्याचे बत्तीसशेच देता ना मला? या महिन्याचे देऊ नका कुणी."

"तसं नको, मावशी," साहेबराव म्हणाला. एकदाच म्हणाला. मग त्यानं भाजी मागितली.

महिना सगळे पोटभर जेवले. किराणावाल्यानं उधारी बंद केली, गॅसवाल्यानं सिलिंडर उचलून नेले, आणि पुढच्या महिन्यात मेसला कुलूप लागलं. मेंबर दोन गल्ल्या सोडून दुसरीकडं जेवायला लागले.

राजकुमारला मिळाले एकोणीस लाख. हिमांशूची पंचवीस हजार नाणी सुखरूप आहेत, आजच्या भावानं एक हजार रुपये. रामकिसनला यातलं काहीच ठाऊक नाही. चाळीस जणांचे महिन्याचे बत्तीसशे, एकूण एक लाख अठ्ठावीस हजार, साळूबाईनं भरले.