मला झाकू नका

मी बेडपॅन बोलतोय. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. मग ऐका.

मी स्टीलचा. ज्या पत्र्यातून मी झालो, त्याच पत्र्याचे पेले झाले. ते फळीवर ऐटीत बसले. माझ्या वाट्याला खाटेखालची जागा आली. मला त्याची लाज नाही. पेला नसला तर माणूस ओंजळीनं पाणी पितो. मी नसलो तर काय होतं, ते अंथरुणाला खिळलेल्याला विचारा.

एका म्हाताऱ्याचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मला दुकानातून थेट वॉर्डात नेलं. म्हातारा करारी. जन्मात कुणाकडे पाणी मागितलं नव्हतं. मला पाहून त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. "यापेक्षा मेलेलं बरं," म्हणाला.

वॉर्डातली सिस्टर पुढे आली. तिनं मला गरम पाण्यानं विसळलं, कोरडं पुसलं, स्वतःच्या मनगटाला लावून पाहिलं. पडदा ओढला. मगच मला त्याच्याखाली सरकवलं.

काम उरकून ती पडद्याबाहेर आली. तिथं म्हाताऱ्याची नात उभी होती, नुकतीच बारावी झालेली. तिनं विचारलं, "सिस्टर, गरम कशाला केलंत?"

"तुझ्या उघड्या अंगाखाली गार पत्रा सरकवला तर? माणूस आजारी पडतो, बाळा. त्याची लाज आजारी पडत नाही."

पोरीनं तिथंच ठरवलं, नर्स व्हायचं.

म्हाताऱ्याबरोबर मी घरी आलो. सगळं नातच करी. मला धुऊन गॅलरीत खिळ्याला टांगायची, चांगलं उन्हात. तिचा बाप चिडायचा. पाहुणे आले की मला गोणपाटाखाली ढकलायचा. पाहुणे असेपर्यंत म्हातारा दात आवळून पडून राहायचा.

एका रविवारी पोरीची आत्या आली. तिनं तोंड सोडलं. "एवढे मार्क पडलेत, बँकेत जा, शाळेत शिकव! परक्यांचं हगणं-मुतणं काढणारीला सून कोण करून घेईल?"

"मला नर्स व्हायचंय, आत्या. सून नंतर बघू."

"दादा, जीभ बघ हिची!"

"जीभ बघायला डॉक्टर असतो."

बाप कडाडला, "बास! दुसऱ्यांची घाण काढायला माझी मुलगी जाणार नाही. उद्या प्रवेशाची मुदत संपते ना? संपू दे."

पोरीचा चेहरा उतरला. तेवढ्यात आतून हाक आली. "भांडं आणा!" शेजाऱ्यांच्या घरात ऐकू जाईल एवढी मोठी. त्या दिवशी म्हाताऱ्यानं दाबून धरलं नाही.

नात उठली.

"तू बस. तुझा बाप आणील."

बापानं मला गोणपाटाखालून ओढलं, नळाखाली धरलं आणि तसंच ओलं, गार, उलटं कोंबलं. माझी चपटी बाजू कंबरेखाली जायची असते. यानं फुगीर बाजू सारली. म्हातारा कळवळला. चादर भिजली.

"बाबा, मला काय माहीत..."

"नाही ना माहीत? मग घाण म्हणू नकोस. ही विद्या आहे. ती शिकायला पोरगी जाणार."

"आणि तुमचं कोण करणार?"

"तू."

आत्या खिडकीबाहेर बघू लागली. पोरगी रडवेली झाली. "आजोबा, मी गेले तर तुमचे हाल होतील."

"हाल माझे आहेत. तू तुझं बघ."

ती गेली. म्हाताऱ्याचे हाल झालेच. बाप कधी मला गार आणायचा, कधी चटका बसेल इतका तापवायचा. दोघांची भांडणं मी मधे सापडून ऐकली. एकदा बापाच्या हातून फरशीवर पडलो. माझ्या कडेला पोचा आहे, तो तेव्हाचा. झळाळीही गेली. पण गोणपाटही गेलं. आता मी गॅलरीत, खिळ्यावर, रस्त्याकडे तोंड करून. येणाऱ्याजाणाऱ्यानं खुशाल बघावं.

तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला झाकू नका. आणि कुणाची पोरगी नर्स होते म्हणाली, तर तोंड उघडण्याआधी मला एकदा हातात धरून बघा.

परवा पोरगी सुट्टीला आली. आजोबांची हाक ऐकून तिनं मला खिळ्यावरून काढलं आणि निघाली.

बाप आडवा आला. मला तिच्या हातून घेऊन त्यानं मनगटाला लावलं.

"थांब," म्हणाला, "गार आहे अजून."